घोटभर पाण्याची भीती

ऑपरेशननंतरची नळी काढली त्या सकाळी वॉर्डातल्या सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तर "सुटलात गुरुजी!" म्हणून टाळी द्यायला हात पुढे करून बसले होते. प्रोस्टेटची गाठ पोट उघडून काढली होती आणि तपासणीत ती साधी निघाली होती. ज्या एका शब्दाने आम्हा नवरा-बायकोची झोप उडवली होती, तो शब्द आता आमच्या घरात येणार नव्हता. मी आनंदात पाय खाली सोडले, उभा राहिलो, आणि मांडीवरून काहीतरी ऊन ऊन ओघळायला लागलं. आधी वाटलं रक्त आहे. खाली पाहिलं तर लघवी होती. ती मी करत नव्हतो, आपली आपण होत होती. मी पाय आवळले, पोट आवळलं, दात आवळले, तरी ती थांबेना. शेजारच्यांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी ते चांगुलपणानेच केलं असणार, पण त्या क्षणी माझ्या मनात जी भीती शिरली ती पुढचे कित्येक आठवडे निघाली नाही.

डॉक्टर तरुण होते, समजुतीचे होते. म्हणाले, "नळी काढल्यावर असं होतं. लघवी अडवणारे स्नायू सैल पडलेत. महिना-दोन महिने लागतील, कधी जास्त. मध्येच लघवी रोखताना आवळतो ना, तसं आवळायचं आणि सोडायचं, दिवसातून पुष्कळदा. आणि पाणी भरपूर प्या." या सगळ्यातलं 'कधी जास्त' एवढंच मला ऐकू आलं. कधी जास्त म्हणजे किती, हे विचारायचा धीर झाला नाही. जन्मभर असं तर ते म्हणणार नाहीत ना, या भीतीने मी मान डोलावून घरी आलो.

माझी भीती समजायला माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो आणि नुकताच निवृत्त झालो होतो. आम्ही बौद्ध. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. गावच्या आडावर माझ्या वडिलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं आणि ओतणारा दोन पावलं मागे सरकून उभा असायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. आईने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, की आपल्या अंगाला वास येतो असं म्हणायची संधी कुणाला द्यायची नाही. मी ती कधी दिली नाही. दिवसातून दोनदा अंघोळ, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, नखं कापलेली. आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत लोक पोरांना सांगायचे, गुरुजींसारखं राहा. त्या मला आता सतत स्वतःचाच वास येत होता. खरा येत होता की मनातला, कुणास ठाऊक.

बायकोने माझ्यासाठी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या शिवल्या. लंगोटात एक घडी ठेवायची, भिजली की दुसरी. ती त्या रोज उकळत्या पाण्यात टाकायची आणि दोरीवर स्वतःच्या साडीखाली लपवून वाळत घालायची. आम्ही त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. बैठी चाळ, भिंतीला भिंत लागून, संडास गल्लीच्या टोकाला. तिथे रांगेत उभं राहणं मला शक्यच नव्हतं. मी पहाटे, कुणी उठायच्या आत जाऊन यायचो आणि मग दिवसभर खोलीत. एकदा शेजारचा मुलगा साखर मागायला आला आणि दारातच नाक मुरडून म्हणाला, "कसलातरी वास येतोय, काकू." बायको म्हणाली, "अरे, मागच्या गल्लीत बोंबील वाळत घातलेत." आणि ते खरंच होतं, मलाही मग बोंबलांचा वास आला. पण त्या दिवसापासून मी दाराला आतून कडी लावू लागलो.

कुणी भेटायला आलं की मी झोपल्याचं सोंग करायचो. कल्याणला दिलेली मुलगी आली तेव्हासुद्धा डोळे मिटून पडून राहिलो. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि आईला विचारलं, "बाबांना अजून काही आहे का गं? तुम्ही लपवताय का माझ्यापासून?" आई म्हणाली, "काही नाही गं, अशक्तपणा आहे." उठून सांगावं असं फार वाटलं. पण उठताना नेमकं काय व्हायचं ते ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं आवळणं मी करत होतो, पण भेदरलेल्या माणसासारखं. श्वास कोंडून, पोट आत ओढून, दिवसभर. फरक पडेना. मग मला एक सोपी युक्ती सुचली आणि तिने माझा घात केला. पाणी प्यायलंच नाही तर येणार कुठून? सकाळचा चहा अर्धा केला, जेवणावर दोन घोट, संध्याकाळनंतर थेंब नाही. चैत्राचं ऊन, वर पत्रा, ओठांना भेगा पडल्या, लघवी चहासारखी लाल यायला लागली आणि होताना आग व्हायची. थेंब थेंब गळणं मात्र वाढलंच. मला वाटायचं, आता आतलं सगळं नासलं. पाण्याचा पेला समोर आला की छातीत धडधडायचं. पाण्यासाठी ज्या माणसांनी एवढं सोसलं त्यांच्या पोटी मी जन्मलो, आणि मला पाण्याचीच भीती वाटत होती.

अशात विहार समितीचे चिटणीस आले. वैशाख पौर्णिमा जवळ आली होती आणि दरवर्षी वंदना मीच घ्यायचो. मी पुढे म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून. "गुरुजी, यंदा पण तुम्हीच हां. तुमच्याशिवाय शोभा नाय." माझं तोंड सवयीने 'हो' म्हणून गेलं. ते गेल्यावर भानावर आलो. सगळ्यांच्या पुढे, पांढऱ्या कपड्यांत, मांडी घालून, तासभर! बुद्धाजवळ काही मागायचं नसतं, तो देणारा देव नव्हे, तो वाट दाखवणारा, असं मी मुलांना जन्मभर शिकवलं. पण त्या दिवसांत भिंतीवरच्या तसबिरीपुढे उभा राहून मी गुपचूप मागत होतो. मला एवढ्यातून सोडवा. नाहीतर ती पौर्णिमाच येऊ देऊ नका.

शेवटी ठरवलं, एकदा स्वतःची परीक्षा घेऊन बघायची. जिथे मला कुणी ओळखत नाही अशा जागी जाऊन तासभर बसून दाखवायचं. बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी मला आठवली. शाळेच्या मुलांना घेऊन मी तिथे अनेकदा गेलो होतो. रविवारी पायथ्यापर्यंत बस जायची. बायको म्हणाली, "मी येते सोबत." मी नको म्हटलं. तिने पिशवीत दोन घड्या आणि पाण्याची बाटली घालून दिली. बाटली मी गल्लीच्या कोपऱ्यावर रिकामी केली. पिण्याचा मोहच नको.

उन्हात पायऱ्या चढून मोठ्या चैत्यात शिरलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. व्हरांड्यात दोन्ही अंगांना दगडात कोरलेले उंचच उंच बुद्ध उभे आहेत, त्यांच्याकडे मान वर करून बघायचीसुद्धा ताकद नव्हती. आत गार होतं. सुट्टीची माणसं येत होती, पोरं आवाज घुमवून बघत होती आणि निघून जात होती. मी स्तूपासमोर मांडी घातली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात वंदना सुरू केली. मध्ये मध्ये हाताने कपडे चाचपत होतो. कोरडे होते. जरा बरं वाटलं. तेवढ्यात एका पोराने अगदी माझ्या कानाशी "ओऽऽ" करून आरोळी ठोकली. मी दचकून उठायला गेलो, तोल गेला, हात टेकले आणि सगळं सुटलं. घडी केव्हाच भरून गेली. विजार भिजली, आणि त्या हजारो वर्षांच्या फरशीवर, स्तूपाच्या पुढ्यात, ओघळ पसरत गेला.

मेलो असतो तर बरं, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं. लोक बघतील याची भीती होतीच, पण ही जागा मी बाटवली, हा विचार त्याहून भयंकर होता. आयुष्यभर 'बाट' हा शब्द मी खोडत आलो होतो, आणि तोच शब्द माझ्याच मनात माझ्यासाठी आला. मी रुमाल काढून फरशी पुसायला लागलो. उठता येत नव्हतं.

"उठा नको. बस थंयच."

खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. कासोट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, शेजारी फुगलेली कापडी पिशवी. घरची माणसं वरची लेणी बघायला गेली होती आणि हिला सामानाजवळ बसवलं होतं, हे मला नंतर कळलं. ती गुडघ्यावर हात देत उठली, माझ्याजवळ आली, बाहेरच्या बाजूला पाठ करून माझ्यासमोर अशी बसली की येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी दिसू नये. मग पिशवीतून जुनेर काढलं आणि माझा हात बाजूला सारून फरशी पुसायला लागली.

"नको, नको, आजी, तुम्ही नका हात लावू," मी म्हणालो.

"गप रव. ऑपरेशन झाला काय तुझा?"

मी मान डोलावली.

"माझ्या घोवाचा झाला होता, म्हणान वळाखलंय. आणि माझा तर ऑपरेशन नाय आणि काय नाय. शेवटचो झिल आडवो होतो पोटात, तेवापासून असाच. शिंक इली की गेला. हसलंय तरी गेला." तिने पिशवी उघडून दाखवली. आत आमच्याच घरातल्यासारख्या सुती घड्यांची चळत होती. "म्हणान काय घरात बसान ऱ्हवतलंय? वाकोल्यासून हय इलंय, नातवंडांबरोबर."

मी म्हणालो, "पण इथे... बुद्धाच्या समोर..."

ती स्तूपाकडे वळून बघत म्हणाली, "तुझो देव काय नाक धरून बसलोहा?"

"आम्ही त्यांना देव नाही म्हणत, आजी. मी बौद्ध आहे." हे मी मुद्दाम म्हणालो. तिने फरशी पुसली होती, तिला पुढे कधी कळलं आणि वाईट वाटलं असं नको. खरं सांगायचं तर तीही भीतीच होती. आता ही हात झटकेल, पदर सावरेल आणि दोन हात लांब सरकेल, असं वाटून मी आधीच अंग आक्रसून घेतलं.

"मगे? माका काय करूचा हा?" म्हणत तिने पितळेचा फिरकीचा तांब्या काढला आणि झाकण फिरवून माझ्यापुढे धरला. "ओठ बघ कसे झालेहत. पाणी पी."

मी नाही म्हणालो. प्यायलो की पुन्हा होईल, म्हणालो.

"होऊ दे. पुसूक मी असंय."

आजवर मला ज्यांनी ज्यांनी धीर दिला ते सगळे 'काही होणार नाही' असंच म्हणाले होते. 'होऊ दे' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तांब्या घेतला आणि वडिलांच्या सवयीने वर धरून तोंडात धार धरायला गेलो. हात इतका कापत होता की निम्मं पाणी गळ्यावर सांडलं. ती खेकसली, "तोंड लाव मरे, नाय तर सगळा सांडतला!" मी तांब्याला तोंड लावलं आणि प्यालो. किती दिवसांनी असं पोटभर प्यालो होतो! तांब्या परत दिला, तर तिने तो तसाच तोंडाला लावला, उरलेलं पाणी घटाघटा प्यायली आणि पदराने तोंड पुसलं. तिच्या लेखी यात विशेष काही नव्हतं. मी मात्र गुडघ्यांत डोकं घालून रडलो. भीतीने आजवर पुष्कळ रडलो होतो, हे रडणं वेगळं होतं.

तिने मला एक धुतलेलं अर्धं लुगडं दिलं, खांबाआड जाऊन नेसून ये म्हणाली. मी विजार पिशवीत कोंबून, तिचं निळं लुगडं लुंगीसारखं गुंडाळून आलो तोवर तिची माणसं खाली उतरली होती. शेंबडी, दंगेखोर नातवंडं तिच्या अंगावर चढत होती. "लुगडं कुठे पोचवू?" मी विचारलं. "ऱ्हवांदे, फाडून घड्ये कर," असं म्हणून ती हसली, मग हसता हसता एकदम थांबली, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि पिशवी उचलून निघाली. काय झालं ते आम्हा दोघांनाच ठाऊक. नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढे दोनदा वाकोल्यात जाऊन गल्ल्यांतून फिरलो, पण कोकणातल्या म्हाताऱ्या तिथे घरोघर, काय सांगून शोधणार? आम्ही चमत्कार मानत नाही, तेव्हा तिला मी दुसरं काही म्हणणार नाही. ती वाकोल्याची एक म्हातारी होती आणि मला हवी होती त्या घटकेला ती तिथे बसली होती. त्या योगायोगाला काय म्हणायचं ते मला आजही सुचत नाही, हात मात्र आपोआप जोडले जातात.

बायकोने दार उघडलं तर मी लुगडं नेसून उभा. तिला मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ऐकताना ती माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं तुम्ही जीव द्यायला गेलात. तुम्ही ओतून टाकलेलं पाणी मी दारातून बघितलं होतं." एवढे दिवस तीही तितकीच भ्यायलेली होती, हे माझ्या भीतीपुढे मला दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन इस्पितळात गेलो आणि लाज सोडून डॉक्टरांना सगळं विचारलं. लघवीत जंतू झाले होते. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पाणी तोडलंत म्हणून लघवी दाट झाली आणि आत मूत्राशयाला चटके बसायला लागले. त्याने गळणं वाढतंच." त्यांनी गोळ्या दिल्या आणि आवळण्याचा व्यायाम पुन्हा नीट समजावला. पोट सैल ठेवायचं, श्वास चालू ठेवायचा, आवळून थोडं धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. सोडायचं हे मी तोवर केलंच नव्हतं. घरी आल्यावर बायकोने समोर तांब्या भरून ठेवला. पहिले काही दिवस प्रत्येक घोटाला छाती धडधडायची. 'होऊ दे' म्हणायचो आणि प्यायचो. होतही होतं. कधी वाटायचं जमलं, आणि दुसऱ्याच दिवशी चार घड्या भिजायच्या, की मी पुन्हा कडीकडे बघायचो. पण कडी लावली नाही. हळूहळू सकाळ कोरडी जाऊ लागली, मग दुपारपर्यंत.

पौर्णिमेच्या दिवशी तीच जुनी भीती घेऊन मी विहारात गेलो. आत एक घडी होतीच. पाहुणे यायला फार उशीर झाला आणि आम्ही सगळे बसून राहिलो. ते आले, हार झाले, मी वंदना सुरू केली. त्रिसरण तीनदा म्हणायचं असतं. पहिल्यांदा म्हणून झालं आणि मला कळलं, आता उठायला हवं. पूर्वीचा मी दात आवळून बसलो असतो. भीती होतीच. मी माईक बाजूला केला आणि म्हणालो, "माझं ऑपरेशन झालंय. मला लघवीला जाऊन यावं लागेल." मी माणसांच्या मधून वाट काढत मागच्या दाराने बाहेर पडलो.

विहाराच्या भिंतीला लागूनच पत्र्याची मोरी होती. मी पोचेपर्यंत लघवी आतच थांबली. मी सोडली तेव्हा सुटली, आणि मधेच थांबवून बघितली तर थांबली. मी पत्र्याला हात टेकून उभा असतानाच भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला. बारीक, जरा कापरा. "दुतियम्पि बुद्धं सरणं गच्छामि." तो माझ्या बायकोचा होता. ती कधी चार माणसांपुढे बोलली नव्हती. तिच्या मागून सगळा विहार म्हणत होता. इतकी वर्षं मी हे शब्द लोकांकडून म्हणवून घेतले होते, पुढे बसून, कडक कपड्यांत, एकही चूक न करता. शरण जायचं म्हणजे आपल्याला आसरा हवा आहे हे आधी कबूल करायचं, हे मला त्या मोरीत उभं राहून समजलं.

हात धुऊन मी परत आलो. पुढे माझी जागा मोकळी होती आणि बायको नजरेने मला बोलावत होती. मी मानेनेच 'तूच म्हण' असं सांगितलं आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी, शेवटच्या ओळीत बसलो. तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली. मी सगळ्यांबरोबर तिच्या मागून म्हणालो, "ततियम्पि बुद्धं सरणं गच्छामि."